प्रवराकाठचा ऊस आणि जुन्या फियाटचा कार्ब्युरेटर

१/२४
कार्ब्युरेटर हा जुन्या मोटारीचा मुठीएवढा भाग. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून ते इंजिनाला पुरवायचे, एवढेच त्याचे काम. परंतु संगमनेर परिसरात आज ज्यांच्या घरी जुनी फियाट किंवा जीप आहे, त्यांना हा भाग पुन्हा नव्याने जुळवून घ्यावा लागतो. कारण पेट्रोल बदलले आहे, आणि त्या बदलात याच खोऱ्यातल्या उसाचा हात आहे. ऊस आणि मोटार यांच्या शतकभराच्या सोयरिकीचा हा धागा.

२/२४
संगमनेर हे प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरचे गाव. येथे आजही रेल्वे नाही. तंबाखू, विडी, कांदा, ऊस, प्रवासी, जे काही आले-गेले ते पुणे-नाशिक रस्त्याने आणि चंदनापुरीच्या घाटाने. ज्या गावाला रूळ नाहीत, त्या गावाचे दळणवळण इंजिनावर आणि इंजिन दुरुस्त करणाऱ्या हातांवर अवलंबून असते. म्हणून गॅरेज हा संगमनेरच्या आर्थिक इतिहासाचाही विषय ठरतो.

३/२४
या कथेचा आरंभ पाण्यापासून होतो. प्रवरेवर भंडारदरा येथे १९१० साली धरणाचे काम सुरू झाले व १९२६ साली ते पूर्ण झाले. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला देण्यात आले. धरणातून सुटलेले पाणी संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळवले जाते. दुष्काळी टापूला आधार म्हणून आलेल्या या पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागे साखर, आणि साखरेमागे मळी.

४/२४
मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट द्रव. तो आंबवला आणि ऊर्ध्वपातित केला की मद्यार्क मिळतो. प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात हरेगाव आणि टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने निघाले. १९५०-५१च्या हंगामात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे भाऊसाहेब थोरात यांच्या नेतृत्वाखाली ‘संगमनेर भाग सहकारी साखर कारखाना’ उभा राहिला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

५/२४
साखर आणि मोटार यांची गाठ महाराष्ट्रात एकाच माणसाच्या आयुष्यातही पडली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगाव येथे साखर उद्योग उभारला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जात. १९५०च्या दशकात तेथे इटालियन फियाट आली. १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट ११००, मग ‘डिलाइट’, आणि १९७०च्या दशकात त्याच गाडीचे ‘पद्मिनी’ हे नाव.

६/२४
पेट्रोलला पर्याय शोधण्याची वेळ मात्र फियाट येण्यापूर्वीच आली होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा अनेक बस आणि ट्रक यांवर कोळशाची भट्टी बसवण्यात आली. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडला जाई. ताकद घटे, चढणीला गाडीला दम लागे, रोज राख उपसावी लागे. पण गाडी चाले. इंजिन एका ठरावीक इंधनाशी कायमचे बांधलेले नसते, पुरवठ्याची रचना बदलली तर ते दुसरेही पचवते, हा त्या काळाचा धडा.

७/२४
१९४८ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी १ जून रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्याच वर्षी केंद्रात ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. मोटारीच्या पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची तरतूद करणारा हा कायदा होता. त्याआधी १९४० साली संयुक्त प्रांतानेही असाच कायदा केला होता. म्हणजे पेट्रोलमध्ये उसाचा मद्यार्क घालण्याची कल्पना एकविसाव्या शतकाची नव्हे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वर्षातच ती कायद्याच्या पुस्तकात होती.

८/२४
मग ती रस्त्यावर का रुजली नाही? १९५०च्या दशकाच्या मध्यावर तुर्भ्याला, मुंबईच्या किनाऱ्यावर, तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि पेट्रोलचा पुरवठा सुधारला. दुसरीकडे मळीच्या मद्यार्काला रसायन उद्योगात आणि पेय मद्याच्या धंद्यात गिऱ्हाईक होते. कायदा पुस्तकात राहिला आणि २००० साली रद्द झाला. या मधल्या अर्धशतकात भारतात बनलेल्या फियाट, अ‍ॅम्बॅसेडर आणि जीप या गाड्यांचे कार्ब्युरेटर निव्वळ पेट्रोल गृहीत धरूनच जुळवले गेले. आजच्या अडचणीचे मूळ येथे आहे.

९/२४
आता कार्ब्युरेटर कसा चालतो ते पाहू. इंजिन हवा ओढते. ती हवा मधोमध निमुळत्या झालेल्या नळीतून जाते. अरुंद भागात हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. या कमी दाबामुळे शेजारच्या लहान टाकीतले पेट्रोल पितळी जेटच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. टाकीतली पातळी एक तरंगता फ्लोट राखतो. १८९३ साली जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी तुषाराचे हे तत्त्व स्वतंत्रपणे वापरले. पद्मिनीतला सोलेक्स याच घराण्यातला.

१०/२४
या रचनेचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे, आणि दोषही तेथेच. कार्ब्युरेटरला मोजता येत नाही. आत येणारे द्रव पेट्रोल आहे, रॉकेलमिश्रित आहे की मद्यार्कमिश्रित, हे त्याला कळत नाही. हवा समुद्रकाठची आहे की घाटमाथ्यावरची, हेही कळत नाही. छिद्राच्या व्यासाप्रमाणे तो द्रव सोडत राहतो. योग्य-अयोग्य ठरवण्याचे काम बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर, नाकावर आणि हातावर सोपवलेले आहे. ट्यूनिंग म्हणतात ते हेच.

११/२४
स्थानाचा परिणाम प्रथम घेऊ. संगमनेरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ५ टक्क्यांनी कमी असते. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. परिणामी मिश्रण साधारण अडीच टक्क्यांनी दाट होते, म्हणजे त्यात पेट्रोलचा वाटा वाढतो. मुंबईत जुळवलेली गाडी कसारा चढून वर आली की किंचित जास्त पेट्रोल पिते, त्याचे कारण हे. फरक लहान आहे, पण पुढच्या हिशेबात तो उपयोगी पडणार आहे.

१२/२४
जाणता मिस्त्री कार्ब्युरेटरला सर्वांत शेवटी हात लावतो. आधी टॅपेटची फट, मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, इग्निशनचे टायमिंग, प्लगची फट, एअर फिल्टर. ठिणगीच वेळेवर पडत नसेल तर मिश्रण कितीही सुधारले तरी गाडी ‘मिसिंग’ मारणारच. पुष्कळदा कार्ब्युरेटरवर घातलेला आळ पॉइंटचा असतो. त्यानंतर कार्ब्युरेटरच्या बुडाची गॅस्केट पाहायची; तेथून चोरून हवा शिरत असेल तर कोणताही स्क्रू फिरवून उपयोग नाही.

१३/२४
मग इंजिन पुरते गरम करायचे आणि चोक पूर्ण उघडा असल्याची खात्री करायची. सोलेक्सवर दोन स्क्रू महत्त्वाचे: एक मंदगतीचा, दुसरा मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू आत घेतला की मिश्रण पातळ होते, बाहेर काढला की दाट. इंजिन अडखळेपर्यंत तो हळूहळू आत घ्यायचा, मग लय जड होईपर्यंत बाहेर काढायचा, आणि दोहोंच्या मध्ये जेथे इंजिन सर्वांत सलग व जलद फिरते तेथे थांबायचे. वेग वाढला असेल तर मंदगतीचा स्क्रू कमी करून सारे पुन्हा एकदा करायचे.

१४/२४
हा स्क्रू मात्र उभ्या गाडीपुरता. रस्त्यावर वेगात असताना मिश्रण ठरवतो तो मुख्य जेट, आणि त्याची साक्ष प्लग देतो. काही किलोमीटर सलग चालवून इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. काजळीने काळे असेल तर दाट. पांढरेफटक असेल तर पातळ. इतिहासाच्या अभ्यासकाने कागद वाचावा तसा मिस्त्री प्लग वाचतो. आणि गेल्या चाळीस वर्षांत या परिसरातल्या प्लगांनी इंधनाचा इतिहासच नोंदवला आहे.

१५/२४
त्यातले एक पान रॉकेलचे. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, या दरीतून भेसळ जन्मली. रॉकेल जड असते, सहज वाफाळत नाही. प्लग काळे पडतात, इंजिन ठोके देते, ऑइल पातळ होते. या धंद्याचे क्रौर्य साऱ्या राज्याने पाहिले ते मनमाडजवळ. २५ जानेवारी २०११ रोजी भेसळीची कारवाई करू पाहणारे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जिवंत जाळण्यात आले. प्लगवरच्या काजळीमागे केवढी मोठी व्यवस्था उभी होती, ते त्या दिवशी उघड झाले.

१६/२४
दुसरे पान शिशाचे. जुन्या पेट्रोलमध्ये ठोके टाळण्यासाठी शिशाचे संयुग असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. लोकांच्या, विशेषतः मुलांच्या, आरोग्यासाठी ते अत्यावश्यक होते. पण जुन्या इंजिनांत हेच शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. ते गेल्यावर बैठक हळूहळू झिजू लागते आणि टॅपेटची फट कमी होत जाते. ट्यूनिंगच्या आरंभी टॅपेट तपासण्याची जुनी शिस्त त्यामुळे अधिकच गरजेची झाली.

१७/२४
तिसरे पान इथेनॉलचे, आणि त्याची सुरुवातही जवळच झाली. २००१ साली केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे तीन प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला. तिन्ही ठिकाणे ऊसपट्ट्याच्या आसपासची, हा योगायोग नव्हता. २००३ साली योजना नऊ राज्यांत लागू झाली. तरी पुढची दहा-बारा वर्षे पुरवठा आणि दर यांच्या वादात ती रखडत राहिली.

१८/२४
२०१८च्या जैवइंधन धोरणानंतर चित्र पालटले. नेहमीच्या मळीखेरीज साखरेचा अंश अधिक असलेली मळी आणि थेट उसाचा रस यांपासून बनवलेल्या इथेनॉललाही स्वतंत्र दर मिळू लागले. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्के मिश्रण गाठले. २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले आणि तेही साधले. कारखान्यांना साखर विकली जाण्याची वाट न पाहता पैसा मिळू लागला. उसाची देणी चुकवण्यास त्याचा हातभार लागला. ऊसपट्ट्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

१९/२४
नव्या मोटारींना हा बदल फारसा जाणवला नाही. तेथे कार्ब्युरेटर नसतो. धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोलची फवारणी क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. तरीही निती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात स्पष्ट नोंद आहे: निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. मग ज्या गाडीत सेन्सरच नाही, तिचे काय?

२०/२४
हिशेब सोपा आहे. १ किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ८ टक्के अधिक इंधन हवे. जुना जेट ते देत नाही. मिश्रण पातळ होते, गाडी उचल खात नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच अडखळते, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो, इंजिन तापते आणि प्लग पांढरा पडतो.

२१/२४
उपायही हिशेबातच आहे. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा गाडीत १२० क्रमांकाचा, म्हणजे १.२० मिलिमीटरचा जेट आहे. त्याजागी १२५ लावला तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. संगमनेरची विरळ हवा अडीच टक्क्यांची भरपाई आधीच करते, म्हणून येथे कधी त्याहून लहान वाढही पुरते. निर्णय मात्र आकड्याने नव्हे, प्लगच्या रंगाने घ्यायचा. तार घालून जुन्या जेटचे भोक मोठे करणे हा जेट कायमचा बिघडवण्याचा मार्ग.

२२/२४
मिश्रणाहून अवघड प्रश्न पदार्थांचा आहे. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटा करते आणि तो कचरा जेटमध्ये अडकतो. ते हवेतले पाणी शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी तळाशी बसते आणि कार्ब्युरेटरच्या जस्त-मिश्रधातूवर पांढरी बुरशीसारखी झीज दिसू लागते. पंपाचा पडदा आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. गरम इंजिनावर गळणारी नळी ही आगीची भीती. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पडदा, टाकीपाशी गाळणी आणि लांब मुक्कामापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा करणे, एवढे आवश्यकच.

२३/२४
या खटाटोपाला आता मुदतही आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे उतरली. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. गाडी न चालणे हे कार्ब्युरेटरला सर्वांत घातक, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने भरलेल्या कार्ब्युरेटरला तर अधिकच.

२४/२४
प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला ऊस शंभर वर्षांत साखर झाला, मद्यार्क झाला आणि अखेर पेट्रोल पंपावर पोहोचला. त्याचा लाभ खरा आहे, तो याच शेतांत आला. पण त्या बदलाची जुळवाजुळव ज्या यंत्रांना स्वतः करता येत नाही, त्यांच्यासाठी ती कोणीतरी हाताने करावी लागते. असे हात आता थोडे उरले आहेत. कोणत्या गाडीला कोणता जेट लावला आणि प्लग कोणत्या रंगाचा निघाला, हे कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही. संगमनेरच्या गॅरेजांतले हे ज्ञान लिहून ठेवायचे असेल, तर ते सांगणारे आहेत तोवरच लिहावे लागेल. #संगमनेर #इतिहास